एक पाय टेकला तरी पुरे

माझ्या नातीची उंची चार फूट दहा इंच. माझी तिच्यापेक्षा अर्धा इंच कमी, आणि तो अर्धा इंचही म्हातारपणाने खाल्लेला. म्हणजे आम्ही दोघी सारख्याच. मुलगी बुटकी झाली ती आजीवर गेली म्हणून, असं माझी सून सांगते. मी नाही म्हणत नाही. खरंच आहे ते.

माझ्या लग्नात मला दोन पाटांवर उभं केलं होतं, नवऱ्याच्या गळ्यात हार घालता यावा म्हणून. वरचा पाट डुगडुगायला लागला तशी मी खाली उतरले आणि म्हटलं, तुम्हीच वाका. मांडव हसला. नवरा वाकला. हार घातला. उंचीवरून रडत बसायची आमच्या घरात पद्धत नाही.

पण गेल्या वर्षी नातीची नोकरी तिच्या उंचीवर येऊन अडली.

ती गुराढोरांचं शिकली आहे. दोन वर्षांचा डिप्लोमा. पालघरच्या एका संस्थेने तिला कामावर घेतलं. काम असं की मनोरच्या पलीकडच्या पाड्यांवर जायचं, बकऱ्यांना आणि गुरांना लस टोचायची, कोणती आजारी आहे ते बघायचं. सुरुवातीला ती संस्थेतल्या एका जुन्या माणसाच्या मोटरसायकलवर मागे बसून जायची. तो चांगला सहा फुटी. मग संस्थेच्या मॅडमनी सांगितलं, एक महिना देते. महिन्याने तू तुझ्या गाडीवर एकटी जायला हवंस, कारण त्याला दुसरे पाडे द्यायचे आहेत. नाही जमलं तर पालघरच्या ऑफिसात बस आणि रजिस्टर सांभाळ. पाडे आपण दुसऱ्या कुणाला देऊ.

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांचंही बरोबर होतं. पण पोरीने घरी येऊन चप्पल काढली ती भिंतीवर आपटली.

"आजी, मला रजिस्टरात बकऱ्या नाय लिवायच्या."

"मग?"

"मला बकऱ्या धरायच्या हायत."

"मग धर की. चप्पल कशाला मारते भिंतीला?"

घरात सुनेची स्कूटर होती. सून बोईसरला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. तिने चार दिवस कंपनीच्या बसने जायचं कबूल केलं आणि नात स्कूटर घेऊन पाड्यांवर गेली. डांबर होतं तोवर ठीक चाललं. पुढे दगडांची वाट. स्कूटरची चाकं केवढीशी, आणि पोट जमिनीला लागलेलं. एका धोंड्यावर पोट घासलं, पुढचं चाक चरात गेलं आणि ती आडवी. गुडघा फुटला. त्याचं तिला काही नव्हतं. बर्फाच्या डब्यातल्या लसी फुटल्या, त्या दिवशी एका अख्ख्या पाड्याची जनावरं टोचायची राहिली, त्याचं लागलं तिला. तिथल्या बायका सकाळपासून बकऱ्या बांधून बसल्या होत्या.

म्हणजे स्कूटर नको. मोठ्या चाकांची, पोट वर असलेली मोटरसायकल हवी. आणि मोटरसायकल म्हटली की सीट उंच. मोटरसायकल तिला चालवता येत होती. कॉलेजात मैत्रिणीच्या भावाच्या गाडीवर शिकली, लायसनही काढलं. पण तेव्हा गाडी थांबवायची वेळ आली की कुणीतरी बाजूला पळत येऊन धरायचं. चालवता यायची, थांबवता यायची नाही.

आता माझ्या मुलाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा घोळ त्याने घातला.

माझा मुलगा डायमेकर आहे. आमच्या चिंचणी-तारापूरच्या बाजूला घराघरात हा धंदा आहे. सोनाराला दागिना ठोकायला पोलादी साचा लागतो, त्याला डाय म्हणतात. मुलगा ओटीवर टेबल मांडून बसतो, डोळ्याला भिंग लावतो आणि पोलादाच्या ठोकळ्यावर छिन्नीने फूलपान कोरतो. पोलादात एकदा जास्त कोरलं तर ते परत भरता येत नाही. त्यामुळे तो मापाचा माणूस झाला आहे. भाजीत मीठ घालतानाही त्याचा हात थांबतो. मापात बसलं तर बसलं, नाही तर टाकून द्यायचं, हे त्याच्या अंगात मुरलेलं.

त्याने मुलीला भिंतीला उभं केलं. दोन पायांमध्ये जाड पुस्तक धरायला लावलं आणि आपली पोलादी पट्टी लावून माप घेतलं. तीनदा घेतलं. पाय साडेसव्वीस इंच. भिंतीवर पेन्सिलची बारीक रेघ ओढली. ती अजून आहे. मग फोनवर एकेका मोटरसायकलच्या सीटची उंची काढत बसला. एकतीस इंच, साडेएकतीस, बत्तीस, एकतीस.

"नाय बसत," तो म्हणाला. "साडेचार इंच कमी पडतात."

"अर्धा सूत नाय, साडेचार इंच," असं त्याने परत एकदा सांगितलं. जणू आम्ही सोन्याच्या बांगडीबद्दल बोलत होतो.

नात म्हणाली, "बाबा, मी बसून बघते ना एकदा."

"बसून काय बघायचं? माप समोर हाय."

मग दोन दिवसांनी त्याला एक गाडी सापडली. रुंद, लांब, मागे टेकून आरामात बसायची. तिची सीट एकोणतीस इंचांवर. सगळ्यांत कमी. तो खूश झाला. म्हणाला, हीच घ्यायची, ठरलं. शोरूमला फोन करून टाकला.

मला मोटरसायकलमधलं काही कळत नव्हतं. पण मला सायकल येत होती. मी चौथीपर्यंत शाळेत होते, आणि चौथीत असताना भावाची सायकल शिकले. पुरुषांची मोठी सायकल. दांड्यावरून पाय जायचा नाही, म्हणून दांड्याखालून पाय घालून, अंग वाकडं करून चालवायची. पुढे मोठी झाल्यावर सीटवर बसायला लागले, तरी पाय जमिनीला कधीच लागला नाही. वीस वर्षं मी वाडीतली वांगी आणि पानं घेऊन त्या सायकलवर तारापूरला जात होते. पडायचे ती थांबताना. मग मला एक गोष्ट कळली. लांब पायाची माणसं हवी तिथे थांबतात. आपण थांबायची जागा आधी बघून ठेवायची. कुणाच्या घराची पायरी, रस्त्याकडेचा उंचवटा, मोरीचा कठडा. तिथे जाऊन एक पाय टेकवायचा. दोन पाय टेकायची गरज कुणालाच नसते. एक टेकला तरी पुरे.

हे मी मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "आई, सायकल वेगळी, ही गाडी वेगळी."

मी म्हटलं, "चल, मी पण येते शोरूमला."

"तू कशाला?"

"माझा पण पाय साडेसव्वीसच हाय."

बोईसरच्या शोरूममध्ये पंखे, काचा आणि चकाचक फरशी. विकणारा माणूस माझ्याकडे धावत आला.

"आजी, तुम्ही इकडे सोफ्यावर बसा. थंड मागवू का काही?"

"सोफ्यावर बसायला एवढ्या लांब नाय आले. मला गाडीवर बसायचंय."

तो मुलाकडे बघायला लागला. मुलगा फरशीकडे.

"आजी, गाडी ताईंना घ्यायचीय ना?"

"हो. पण तिचा नि माझा पाय एकाच मापाचा. ती बसली की लाजून हो म्हणेल. मी नाय म्हणणार."

मी कासोट्याचं लुगडं नेसते, त्यामुळे टांग टाकायला अडचण नव्हती. त्याने गाडी धरली, मी चढले. ती एकोणतीस इंचवाली. मुलाचं माप खोटं नव्हतं. माझे दोन्ही चवडे खाली टेकले. मुलाचा चेहरा असा फुलला, जणू डायला गिऱ्हाईक मिळालं.

"बघ," तो म्हणाला. "बसली का नाय मापात?"

मी उतरले आणि नातीला म्हटलं, "आता तू बस. आणि ही गाडी मागं घे."

"मागं कुठं?"

"जिथनं काढली तिथं. दोन हात मागं ढकल."

स्टँड काढण्यासाठी तिने गाडी सरळ करायला जोर लावला. गाडी हलली नाही. परत लावला. विकणारा मदतीला पुढे झाला. मी त्याला म्हटलं, "तू बाजूला हो. पाड्यावर तू येणारेस का तिच्याबरोबर?" तिसऱ्या वेळी गाडी सरळ झाली आणि लगेच दुसऱ्या बाजूला कलली. तिघांनी मिळून धरली. गाडीचं वजन तिच्या तिप्पट तरी असेल. चवडे टेकून काय करायचं, जर टेकलेल्या पायांनी ती पेलत नसेल तर?

मुलगा म्हणाला, "हळूहळू सवय होईल."

नात पहिल्यांदा त्याच्यावर ओरडली. "बाबा, मला महिना दिलाय, त्यातले बारा दिवस गेले."

शोरूमच्या कोपऱ्यात एक साधी, काळी, किडकिडीत मोटरसायकल होती. दूधवाले, पेपरवाले वापरतात ती. मुलाने तिची उंची आधीच वाचून बाजूला काढली होती. एकतीस इंच. मी तिच्यावर चढले. बसल्यावर सीट खाली दबली. हे कागदावर लिहिलेलं नव्हतं. सीट पुढे अरुंद होती, त्यामुळे पाय फाकले नाहीत, सरळ खाली गेले. हेही कागदावर नव्हतं. दोन पाय टेकले नाहीतच. पण मी सायकलसारखं ढुंगण एका बाजूला सरकवलं, आणि डाव्या पायाचा चवडा फरशीला लागला. नातीला बसवलं. तिचाही लागला. मग तिने ती गाडी मागे ढकलली, पुढे आणली, वळवली. एकटीने.

"हलकी हाय, आजी," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. पण उतरायला तयार नव्हती.

विकणारा म्हणाला, "सर, पाहिजे तर मागचे शॉकअप बदलून गाडी खाली करून देऊ. दोन इंच आरामात."

मुलाला हे पटलं. दोन इंच म्हणजे त्याला केवढे मोठे. गाडी घेतली, आणि तिथून तो ती थेट एमआयडीसीच्या नाक्यावरच्या मेकॅनिककडे घेऊन गेला. हा मेकॅनिक बीडकडचा, कारखान्यात कामाला आला होता आणि मग त्याने स्वतःचं गॅरेज टाकलं. मुलाचं सगळं ऐकून घेऊन त्याने विचारलं, "गाडी कुठं चालवणार ताई?"

नातीने पाड्यांची नावं सांगितली.

"मग खाली कशाला करताय? आत्ता पोट वर हाय म्हणून घेतली ना गाडी? खाली केली की तीच स्कूटर झाली बघा. धोंड्यावर बसंल."

मला हसू आलं, ते मी पदरात लपवलं नाही.

"मावशी, हसू नका," मेकॅनिक म्हणाला. "गाडी खाली करू नये, माणूस वर करावा. जाड तळव्याचे बूट घ्या. आणि सीटवाल्याकडं जा. त्याला म्हणावं, वरनं एक इंच फोम काढ, अन् पुढच्या दोन्ही कडा छाट. मांडी जिथं येते तिथं. मधनं जास्त काढू नको, नाय तर ढुंगण सोलून निघंल."

तसंच केलं. सीटवाल्याने कव्हर उसवलं, सुरीने फोम तासला, परत कव्हर ठोकलं. माझा मुलगा त्याच्या डोक्यावर उभा राहून सांगत होता, डावीकडून सूतभर अजून. सीटवाला शेवटी म्हणाला, "भाऊ, ही गादी हाय, दागिना नाय."

आता जाड बुटात तिचा एक पाय पुरा टेकायचा. दुसरा अधांतरी राहायचा. राहू दे.

ओहोटीला चिंचणीच्या किनाऱ्यावर वाळू घट्ट असते. तिथे बरेच जण गाडी शिकतात. मी एका पालथ्या टोपलीवर बसायचे आणि ती फेऱ्या मारायची. चालवणं सोडून आम्ही फक्त थांबणं शिकलो. मी वाळूत जागोजागी बांध घातले होते, वीतभर उंच. बांधाच्या उजव्या बाजूला गाडी आणायची, वेग कमी करायचा, ढुंगण सरकवायचं, डावा पाय बांधावर. पहिल्या दिवशी अकरा वेळा पडली. दुसऱ्या दिवशी मी मोजलं नाही.

पडलेली गाडी उचलायला मी उठले नाही. लोक बघत होते. एक जण म्हणाला, "काय आजी, पोरीला हात तरी द्या." मी म्हटलं, "तुला एवढी दया येते तर रोज जा तिच्या मागनं." तो गेला. नातीने गाडीकडे पाठ केली, खाली बसली, हँडल धरलं आणि पायांच्या जोरावर ढकलत उभी केली. हे तिला त्या मेकॅनिकने दाखवलं होतं. हाताने उचलायला गेलं तर कंबर जाते.

नऊ दिवसांनी ती किनाऱ्यावर कुठेही थांबायला लागली. आम्हाला वाटलं झालं.

महिना संपायला एक दिवस होता. दुसऱ्या दिवशी जुना माणूस त्याच्या गाडीवर आणि ती तिच्या गाडीवर, असं जायचं होतं. तो बघून मॅडमना सांगणार होता. संध्याकाळी तिने बर्फाचा डबा मागच्या सीटवर बांधला, बूट घातले आणि गाडीवर चढायला गेली.

टांग जाईना. डबा आडवा. रिकाम्या गाडीवर ती पाय मागून फिरवून चढायची, त्या जागी आता गुडघ्याएवढा डबा. पुढून टाकीवरून पाय घालून बघितला, तेवढी ती उंच नव्हती. एवढ्या दिवसांत आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही की डबाही बरोबर असणार. मापवाल्याच्याही नाही आणि माझ्याही नाही. मी तर वांग्यांची टोपली सायकलच्या मागे बांधून हिंडले होते. पण मोठी झाल्यावर सायकलला मी पुढून, दांड्यावरून पाय घालून चढायचे, हे विसरले.

ती अंगणात गाडीला धरून उभी राहिली. रडली नाही.

मुलगा ओटीवरून खाली आला. त्याने डब्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं.

"दूधवाला कॅन कुठं लावतो?" त्याने विचारलं.

"बाजूला," ती म्हणाली. "दोन्ही बाजूंना."

"मग तू मधे चढायचं. सोड तो डबा."

त्याने पट्टी काढली. या वेळी मी त्याला अडवलं नाही. डब्याचं माप घेतलं, गाडीच्या बाजूचं घेतलं, धुराड्यापासून किती लांब राहायला हवा ते घेतलं, कारण बर्फ वितळता कामा नये. शेजारच्या वेल्डरला हाक मारली. लोखंडी पट्ट्या कापल्या. डबा एका बाजूला आला तर गाडी कलेल, म्हणून दुसऱ्या बाजूला सामानाची पिशवी टांगायला तसाच सांगाडा केला. दोन्हीकडचं वजन त्याने सुनेच्या स्वयंपाकाच्या काट्यावर तोललं. दिवेलागणीला काम झालं. डबा सांगाड्यात असा बसला की हलवून हलेना. मापाचा माणूस शेवटी कामाला आला, हे मी त्याला तोंडावर सांगितलं.

"आई, तू कवा तरी सरळ बोलशील?"

"सरळच बोलले."

नातीने टांग टाकली. मधून गेली.

दुसऱ्या दिवशी ती सकाळी निघाली. मी वाडीत वांग्यांना पाणी दिलं, दुपारी भाकरी खाल्ली, झोपले. दारात बसून वाट बघितली असं लिहिणार नाही, कारण नाही बघितली. चार वाजता गाडीचा आवाज आला तेव्हा मात्र उठले.

ती आमच्या पायरीला गाडी आणून थांबली. डावा पाय पायरीवर. बूट लाल मातीने माखलेले.

"किती वेळा पडलीस?"

"दोनदा. एकदा नाल्यात. एकदा उगाच."

"लसी?"

"एक पण नाय फुटली."

मग तिने सांगितलं. पहिल्या पाड्यावर तो जुना माणूस वडाखाली सपाट जागेत थांबला, जिथे सगळे थांबतात. ती थांबलीच नाही, पुढे निघून गेली. तो मागून ओरडायला लागला, "अगं, इकडं! ब्रेक दाब, ब्रेक!" त्याला वाटलं, हिला गाडी थांबवता येत नाही. ती पुढे एका शेताच्या बांधाला जाऊन थांबली, पाय टेकला, स्टँड लावला, उतरली. बाजूचा डबा उघडला. तो पळत पळत तिथवर आला तेव्हा तिने पहिली बकरी धरली होती. तिथल्या बाईने त्याला विचारलं, "तुमी का धावता, भाऊ?"

"मग तो काय म्हणाला?"

"काय नाय. हसला. म्हणाला, मॅडमना सांगतो, हिला पाडे द्या, फक्त हिची थांबायची जागा विचारू नका."

पाडे मिळाले. सात होते, आता नऊ आहेत. कुठल्या पाड्यावर कुठला बांध, कुठली मोरी, कुठली पायरी, हे तिला तोंडपाठ आहे. एका पाड्यावर काहीच उंच नव्हतं, तिथे बायकांनी वाटेकडेला एक सपाट धोंडा आणून ठेवला. ती दिसली की पोरं त्या धोंड्यावरून उठून तिला जागा करून देतात.

परवा ती म्हणत होती की विक्रमगडच्या बाजूला आणखी चढाचे पाडे आहेत, तिकडे थोडी ताकदवान गाडी लागेल. मुलाने लगेच पट्टी काढली. मी त्याला म्हटलं, ती आत ठेव. आधी मला बसून बघू दे.